कुरण पुन्हा वसवताना

१८३७ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर घडवला. त्याआधीचे लाकडी आणि बिडाचे नांगर तेथील चिकट काळ्या मातीत व गवताच्या दाट मुळांत अडकून पडत. नवा नांगर सहज चालला, आणि पुढील काही दशकांत माणूस बुडेल इतक्या उंच गवताचा तो अफाट प्रदेश मक्या-गव्हाच्या शेतांखाली गेला. या नैसर्गिक कुरणांना तिकडे 'प्रेअरी' म्हणतात. इलिनॉय आजही स्वतःला अभिमानाने प्रेअरीचे राज्य म्हणवते. प्रत्यक्षात मूळ प्रेअरीचा चांगल्या स्थितीत उरलेला भाग तेथे एक टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढाच आहे.

नष्ट झालेले कुरण माणसाला पुन्हा उभारता येईल काय, या प्रश्नाला पहिल्यांदा गांभीर्याने हात घातला तो शेजारच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने. मॅडिसन शहरालगत विद्यापीठाचे वनस्पती-उद्यान १९३४ मध्ये स्थापन झाले. त्याच्या प्रेरकांपैकी एक होते विख्यात निसर्गचिंतक आल्डो लिओपोल्ड. तेथील एका जुन्या शेतजमिनीवर १९३५ पासून थिओडोर स्पेरी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. मंदीच्या काळात बेकार तरुणांसाठी उभारलेल्या सरकारी दलातील मुलांनी दूरदूरच्या शिल्लक कुरणांतून मातीसकट गवताचे गड्डे खणून आणले, बी गोळा केले, पेरले. आज 'कर्टिस प्रेअरी' या नावाने ओळखले जाणारे हे जगातील सर्वांत जुने पुनरुज्जीवित कुरण मानले जाते.

गवत उगवले, परंतु कुरण काही जमेना. युरोपातून आलेल्या ब्लूग्रास नावाच्या गवताने जागा बळकावली. जॉन कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून कारण उमगले. प्रेअरी हजारो वर्षे अधूनमधून जळत आली होती. तिच्या स्वतःच्या वनस्पतींचे वाढीचे कोंब जमिनीखाली असतात, मुळे कित्येक हात खोल जातात. वसंताच्या आरंभी पेटवले की लवकर हिरवे होणारे परके गवत होरपळते आणि वाळका पाचोळा दूर होऊन काळ्या मातीला ऊन लागते. आगीचे नाव काढताच आपल्या वाचकांना संकोच वाटेल, आणि तो रास्तच आहे. सूक्ष्म जीवांची हानी तीत होतेच. म्हणून जाणकार सगळे कुरण एकाच वेळी पेटवत नाहीत, कीटकांच्या आश्रयासाठी काही पट्टे राखून ठेवतात.

गवत जर गवतच आहे, तर त्याच्या दहा जाती असोत वा एक, काय फरक पडतो? याचे उत्तर मिनेसोटा राज्यातील सीडर क्रीक येथे मिळाले. १९८८च्या भीषण दुष्काळात तेथील डेव्हिड टिलमन यांना दिसले, की ज्या वाफ्यांत प्रजाती अधिक होत्या ते कमी कोलमडले आणि लवकर सावरले. मात्र कमी प्रजातींच्या अनेक वाफ्यांत पूर्वी नत्रखत घातलेले होते. तेव्हा श्रेय विविधतेचे की दोष खताचा, अशी शंका घेतली गेली. म्हणून १९९४ मध्ये १६८ वाफ्यांचा नवा प्रयोग मांडला. कोठे एकच प्रजाती, कोठे दोन, चार, आठ, तर कोठे सोळा. वर्षानुवर्षे विविध वाफ्यांचे उत्पादन एकट्या प्रजातीच्या वाफ्यांहून वाढतच गेले. शेंगवर्गीय झाडे हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठवीत, उन्हाळी गवते त्याचा लाभ घेत. एकाची मुळे उथळ तर दुसऱ्याची खोल, एकाची वाढ वसंतात तर दुसऱ्याची भर उन्हात. आपल्या शेतकऱ्याने ज्वारीत तूर पेरण्यामागचे शहाणपण याच जातीचे आहे.

परंतु कुरणातील नाती केवळ सहकार्याची नसतात, आणि येथेच हा विषय मला सर्वांत मनोरम वाटतो. ज्वारीच्या मुळांतून रस शोषणारा टारफुला आपल्याकडे शेतकऱ्याचा वैरी मानला जातो. त्याच्याच कुळातील वुड बेटनी नावाची छोटी वनस्पती प्रेअरीत वाढते. पाने हिरवी, अन्न स्वतः तयार करणारी. तरीही शेजाऱ्यांच्या मुळांना मुळे जोडून त्यांचा रस घेणारी. पुनरुज्जीवित कुरणात उंच, जोमदार गवते इतरांना झाकून टाकतात, ही नेहमीची तक्रार. ही अर्धपरोपजीवी वनस्पती त्या गवतांचा जोर कमी करते आणि त्यामुळे लहान फुलझाडांना जागा मिळू शकते. इंग्लंडमध्ये याच कुळातील यलो रॅटल या वनस्पतीचे बी फुलांची कुरणे परत आणू इच्छिणारे लोक मुद्दाम पेरतात. शेतातला चोर कुरणात रखवालदार ठरतो.

दुसरे उदाहरण बॉटल जेन्शियन या निळ्या फुलाचे. हे फूल कधी उमलतच नाही, पाकळ्या मिटलेल्याच असतात. भुंग्यासारखी दणकट, केसाळ बंबलबी माशीच तेवढी त्या बळाने उघडून आत शिरू शकते. जेन्शियन फुलते उन्हाळ्याच्या अखेरीस. माशीला मात्र वसंतापासून फुले हवीत. बियांच्या मिश्रणात वसंतातली फुलझाडे टाकायची राहून गेली, तर सप्टेंबरात जेन्शियनकडे येणार कोण? मोनार्क फुलपाखराची अळी तर आपल्या रुईच्या कुळातील मिल्कवीडशिवाय काहीच खात नाही.

मातीखालचे जगही असेच. मुळांशी जडलेल्या बुरशीचे जाळे नांगराने विस्कटते. मूळ कुरणातील बुरशी परत मातीत मिसळली, तर सावकाश वाढणाऱ्या दुर्मीळ वनस्पतींनाच तिचा विशेष लाभ होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. आणि गवे? अमेरिकी गवा, म्हणजे बायसन, मुख्यतः गवत खातो व फुलझाडे बरीचशी सोडून देतो. कॅन्ससमधील कोन्झा येथील मूळ कुरणात जवळजवळ तीन दशकांच्या निरीक्षणात, गवे चरले तेथे स्थानिक प्रजातींची संख्या दुपटीने वाढली. इलिनॉयमधील नॅचुसा कुरणांत १९८६ पासून पेरणी चालली होती. २०१४ मध्ये तेथेही गवे आणून सोडण्यात आले.

एवढे करून किती साधते? सीडर क्रीकच्या परिसरात निरनिराळ्या काळी नांगरणी थांबवून तशीच सोडून दिलेली शेते आहेत. त्यांचा हिशेब मांडता असे आढळले, की सुमारे शंभर वर्षांनंतरही वनस्पतींची विविधता कधीच न नांगरलेल्या कुरणाच्या तीन-चतुर्थांशाइतकीच परतते, आणि उत्पादकता जेमतेम निम्मी. एका नांगरटीची भरपाई चार पिढ्यांतही पूर्ण होत नाही.

हा हिशेब आपल्या दारातही लागू पडतो. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याच्या पूर्व भागातील माळराने सरकारी नकाशांत 'पडीक' म्हणून दाखवली जातात. कुसळी, मारवेल, पवन्या अशा गवतांचे हे माळ माळढोक, काळवीट आणि लांडग्याचे घर आहेत. माळढोकासाठी नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये याच प्रदेशात झाले. तरीही उघडा माळ दिसला की तेथे खड्डे खणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावण्याची आपली रीत आहे. आपल्या समाजातील संस्थाही वृक्षारोपणासाठी उदार हस्ते देणग्या देतात, आणि त्याच संस्थांच्या पांजरपोळांना उन्हाळ्यात वैरण दूरवरून विकत आणावी लागते. दान देणाऱ्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. पण सावली नसलेली प्रत्येक जमीन ओसाड असते, हे गृहीत मला मान्य नाही.

निदान खड्डे खणण्याआधी, भाद्रपदात, एखाद्या जाणत्या धनगराला सोबत घेऊन त्या माळावर हिंडावे. कोणते गवत केव्हा निसवते, मेंढी काय आवडीने खाते आणि काय टाळते, हे त्याला पाठ असते. दहा पावलांच्या चौकोनात किती जातींची गवते आणि फुलझाडे आहेत, हे मोजायला एक सकाळ पुरते.