जीव वाचवण्याचा धडा मातृभाषेत हवा

तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. शाळांत अग्निशामक साधने व प्रशिक्षित कर्मचारी हवेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. त्यासाठी सरकारी निधी हवाच. पण लाल नळकांडे भिंतीला टांगले की काम संपले काय? धूर कोंडला असता सीमाभागातील मराठी शाळेतल्या चौथीच्या मुलाने कन्नड फलकाची अक्षरे जुळवत बसावे काय? भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे राज्यघटनेचे ३५० अ कलम सांगते. मग हाच धडा अपवाद का? कन्नड फलक जरूर असावा. शेजारी मराठीही असावा. खर्च रंगाच्या एका डब्याचा. सुरक्षा निधीत तेवढी तरतूद व्हावी.