लोंढा जंक्शन : गाव, घाट आणि बोली

लोंढा हे बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील गाव. नाव ऐकताच 'माणसांचा लोंढा' आठवतो. पण केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावू नये. गावाची ओळख दूरवर पोचली ती नावापुढे लागलेल्या 'जंक्शन' या शब्दामुळे. मी येथे बरीच वर्षे मराठी शिकवली. या जंक्शनने गावाच्या बोलीत काय आणून सोडले, ते येथे मांडतो.

सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा जंगलाचा आणि मुसळधार पावसाचा मुलूख. याच तालुक्यात उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, तर म्हादई पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते. बेळगाव आणि धारवाड या दोन दिशांनी आलेले रूळ लोंढ्यात मिळतात व तिनईघाट, कॅसलरॉकमार्गे गोव्याकडे जातात. कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट. त्याचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र असल्याने गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. म्हणून लोंढेकराच्या बोलण्यात गोवा नेहमी 'खाली' असतो : "उद्या खाली जायचंय" म्हटले की वेगळे गाव सांगावे लागत नाही.

या मार्गामागे दोन राजवटींचा व्यवहार होता. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर दुष्काळी जिल्ह्यांसाठी १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिचे मीटरगेज रूळ आणि मुरगाव बंदरातून निघालेले पोर्तुगीज हद्दीतील रूळ १८८८ च्या सुमारास घाटमाथ्यावर जोडले गेले. १९५५ मध्ये भारताने गोव्याशी असलेली रेल्वे वाहतूक बंद केली. ती १९६१ च्या मुक्तीनंतर पुन्हा सुरू झाली. १९९० च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले.

रेल्वेमुळे वेगवेगळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे शेजारी झाली. फलाटावर एकच वार्ता तीन तऱ्हांनी ऐकू येते : मराठीत "गाडी आली", कोंकणीत "गाडी आयली", कन्नडमध्ये "गाडी बंतु". क्रियापद ज्याचे त्याचे, 'गाडी' सर्वांची. मराठीही पुस्तकी नसते. "काय करूलालास?", "मी जाऊलालोय" ही बेळगावकडची रूपे येथे रोजची आहेत.

दुसरा ठेवा कामाच्या शब्दांचा. रूळ बदलणारा तो सांधेवाला. एकेरी मार्गावर पुढचा टप्पा मोकळा असल्याची खूण म्हणून चालकाला दिला जाई तो धातूचा गोळा; गोळा हाती आल्याशिवाय गाडी पुढे काढायची नाही. जुन्या सिग्नलचा हात खाली आला की गाडीला वाट मिळे. आता रंगीत दिवे आले. तरी वडीलधारी माणसे "सिग्नल पडला" असेच म्हणतात. वस्तू गेली, क्रियापद उरले.

पण ते किती दिवस उरणार? रेल्वेचा नोकर बदलीने येतो, निवृत्त होऊन जातो. त्याच्याबरोबर त्याचे शब्दही जातात. वाफेच्या इंजिनावर काम केलेली पिढी आता थकली आहे. दुसरीकडे, "करूलालाय" लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल रेघ पडते आणि घरचे बोलणे अशुद्ध असल्याचे तो मनाशी धरतो. परीक्षेत प्रमाण रूप यायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. मात्र घरच्या रूपालाही नियम असतो, हे वर्गात सांगितले तर मूल दोन्ही रूपे नीट सांभाळते, असा माझा अनुभव आहे.

मी मुलांना घरून एक शब्द आणायला सांगत असे. सोबत चार नोंदी हव्यात : शब्द कोणी सांगितला, त्याचे काम कोणते, तो कोणत्या वाक्यात आला आणि आज वापरात आहे का. वाक्याशिवाय आणलेला शब्द मी परत पाठवी, कारण 'गोळा' एकटा आला तर तो कशाचा, हे कळत नाही. सीमाभागात, गोव्यात किंवा अन्यत्र रेल्वेच्या गावी शिकवणाऱ्यांना हे काम एका वहीत सुरू करता येईल. ज्यांना विचारायचे ती माणसे अजून आहेत, तोवर ते व्हावे.