विंधन विहीर

यंत्राच्या साहाय्याने खडकात उभे, खोल व अरुंद छिद्र पाडून भूजल मिळविण्यासाठी केलेली विहीर. बोलीभाषेत हिला ‘बोअर’ म्हणतात. गाळाच्या प्रदेशात चाळणीच्या नळ्या बसवून केलेल्या नलिकाकूपाहून ती वेगळी असते. कारण हिच्या खालच्या भागात कठीण खडकाची भिंतच आधाराचे काम करते. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी अशा विहिरी मोठ्या प्रमाणावर घेण्यात आल्या व पुढे शेतकरीही त्यांकडे वळले.

भूस्तर व जागेची निवड : महाराष्ट्राचा सु. चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. अखंड बेसाल्टात पाणी मुरत नाही. ते अपक्षय झालेल्या वरच्या थरात, संधी व भेगांत, तसेच दोन लाव्हाप्रवाहांच्या सीमेवर साठते. खोलीबरोबर भेगा सामान्यतः कमी व अरुंद होत जातात. त्यामुळे अधिक खोल गेल्यास अधिक पाणी लागतेच, असे नाही. जवळजवळच्या दोन विहिरींपैकी एकीला भरपूर पाणी, तर दुसरी कोरडी, असे घडते ते यामुळेच. पाणाड्याची काठी वा नारळ यांना शास्त्रीय आधार नाही. परिसरातील विहिरींचे निरीक्षण व विद्युत् रोधकतेची मोजणी यांनी यशाची शक्यता वाढते. खात्री मात्र देता येत नाही.

वेधन : टंगस्टन कार्बाइडाची बोंडे बसविलेला हातोडा छिद्राच्या तळाशी दाबित हवेने चालतो. तीच हवा खडकाचा चुरा वर आणते. चुऱ्याचा रंग व पोत यांवरून थर ओळखता येतात. म्हणून खोलीनिहाय नोंद ठेवणे आवश्यक असते. छिद्राचा व्यास बहुधा १५० मिमी. असतो. माती व मुरूम ढासळू नयेत म्हणून कठीण खडक लागेपर्यंत आच्छादक नळी बसवितात. ही नळी खडकात पक्की रुतलेली असावी व तिच्याभोवतालची पोकळी सिमेंटाने बुजवावी. खर्च वाचविण्यासाठी नळी आखूड ठेवल्यास घाण पाणी आत झिरपते व माती पडून पंप अडकतो.

निगा : नळीचे तोंड जमिनीच्या वर ठेवून त्याभोवती उताराचा ओटा बांधतात. शौचकूप व उकिरडा विहिरीपासून दूर असावेत. दुरुस्तीनंतर विरंजक चूर्णाने निर्जंतुकीकरण करतात. पिण्याच्या पाण्याची नियमित तपासणी करणे इष्ट असते. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्ल्युओराइड अधिक आढळते. त्यामुळे दात व हाडे यांचे विकार होतात. पाण्याच्या उपलब्धतेपेक्षा मोठा पंप बसविल्यास तो कोरडा चालून जळतो. पाणी कमी झाल्यास साचलेला गाळ दाबित हवेने काढता येतो. पाण्याच्या मोठ्या दाबाने भेगा मोकळ्या करण्याची पद्धतही वापरतात.

निर्बंध व सुरक्षितता : विंधन विहीर खाजगी जमिनीत असली, तरी तिचे पाणी भेगांतून शेजारच्या शिवारातूनही येते. खोल विहिरींच्या उपशाने उथळ विहिरी आटतात. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ मध्ये अंमलात आला. त्यानुसार अधिसूचित क्षेत्रांत शेती व उद्योगांसाठी ६० मी. वा त्याहून खोल विहिरी घेण्यास मनाई आहे.

उघड्या सोडलेल्या कोरड्या छिद्रांत पडून अनेक बालके दगावली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये यासंबंधी निर्देश दिले. वेधनाची पूर्वसूचना, कामाभोवती कुंपण, तोंडावर पोलादी झाकण आणि निरुपयोगी छिद्र माती, वाळू वा दगडगोट्यांनी जमिनीच्या पातळीपर्यंत भरणे या त्यांतील प्रमुख बाबी होत. पाणी न लागलेले छिद्र बुजविल्याखेरीज वेधनाचे काम पूर्ण झाले, असे म्हणता येत नाही.