घट बसण्याआधी गच्चीवर एक चक्कर

पितृपक्ष लागला की छत्रपती संभाजीनगरात घरं उपसायला सुरुवात होते. सिडकोतलं रो-हाउस असो की जुन्या शहरातला वाडा, गोधड्या धुतल्या जातात, माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात. बायकांची कंबर मोडते. आणि घट बसायच्या आदल्या दिवशी जेवढं बाहेर काढलं तेवढंच पुन्हा आत जातं. घर स्वच्छ होतं, मोकळं होत नाही.

मोकळेपणाचा पहिला फायदा आपल्याकडे गच्चीवर दिसतो. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ड्रम, टाक्या, हंडे भरून ठेवावेच लागतात. तो पसारा नव्हे. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून ड्रमच्या तोंडाला कापड बांधायचं आणि आठवड्याला तो रिकामा करून आतून घासायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. कोपऱ्यातला गंजका कुलर, टायर, रंगाचे रिकामे डबे यांत पावसाचं पाणी साचतं आणि तिकडे कोणाचं लक्षही जात नाही. ते थेट भंगारात द्यावं. पावसाळा सरताना डेंग्यू जोरात असतो आणि घरं झाडण्याचे दिवसही नेमके तेच.

घरात गाठ धुळीतल्या किड्यांशी असते. डोळ्यांना न दिसणारे हे जीव आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. दिवाणात वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाद्या-उशांत ते वाढतात आणि दमेकऱ्याला त्रास देतात. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या, पण कधीच न निघणाऱ्या गाद्या आधी कमी कराव्यात.

मनाचं गणित थोडं वेगळं. 2010 साली लॉस एंजलिसमधल्या नोकरदार जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपलं घर दाखवताना ज्या बायका पसाऱ्याबद्दल आणि अर्धवट कामांबद्दल जास्त बोलल्या, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दिवस उतरताना हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्यानेच ताण येतो, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरी मला ते पटतं. नजरेसमोरची प्रत्येक वस्तू लक्ष मागते, आणि बंद पडलेला मिक्सर दिसला की दुरुस्तीचं राहिलेलं काम आठवतंच.

म्हणून निर्णय धुण्याआधी घ्यावा. एका वेळी एकच फळी रिकामी करा. गेल्या नवरात्रापासून जे वापरलं नाही ते बाजूला काढा. धडके कपडे गरजूला द्या, रद्दी-भंगार वेगळं करा, मुदत संपलेली औषधं आणि बंद चार्जर यांची पिशवी निराळी ठेवा. सासूबाईंच्या ट्रंकेला मात्र त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. त्यांच्यासोबत बसून ती उघडा. एक दुपार त्यात गेली तरी चालेल.