परक्या गावातले आपले छप्पर

चार दिवस मालवणला किंवा गणपतीपुळ्याला समुद्रकाठी राहून आलो की मन हलके होते, हे आपण सारेच जाणतो. कोल्हापूरला समुद्र नाही. पण परगावच्या पोराला छप्पर देऊन त्याचे आयुष्य पालटायची रीत या शहराला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. 'विद्यार्थी वसतिगृहांची जननी' हे नाव कोल्हापूरला उगीच मिळालेले नाही.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) खेड्यातल्या मुलापुढे शाळेइतकाच मोठा प्रश्न असे, शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे कुणाकडे? जातीपातीच्या त्या काळात परक्याला सहज कुणी खोली देत नसे, पंगतीला घेत नसे. महाराजांनी १८९६ मध्ये सर्वांसाठी वसतिगृह काढले, पण त्याचा लाभ मुख्यतः एकाच समाजाला झाला. मग १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी राहिली. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी किंग एडवर्ड मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग आजही त्या कामाची आठवण देते.

बोर्डिंगात मिळतात एक खाट, एक पेटी ठेवण्याइतकी जागा आणि वेळेवर दोन घास. पण खरा बदल सोबतीने होतो. गावात जो फक्त अमक्याचा पोरगा असतो, तो इथे स्वतःच्या नावाने ओळखला जातो. शेजारच्या खाटेवरचा मुलगा रात्री दिव्याखाली वाचताना दिसला, की आपल्यालाही जमेल असे वाटू लागते. काल अनोळखी असलेली मुले उद्या एकमेकांची भावंडे होतात.

हे छप्पर आज आपल्या मुलींना हवे आहे. दहावी-बारावीला चांगले गुण मिळवूनही अनेकींचे शिक्षण एकाच वाक्यावर थांबते, 'शहरात ठेवायचे कुणाकडे?' अम्मी-अब्बूंची काळजी खोटी नसते. म्हणून निकालाची वाट न पाहता आधीच चौकशी करूया. राज्य सरकारने अल्पसंख्याक मुलींसाठी वसतिगृहे काढली आहेत. आपल्या जिल्ह्यातले वसतिगृह स्वतः जाऊन पाहूया, तिथल्या मुलींशी बोलूया. आणि रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना एखाद्या गरजू मुलीचा वर्षभराचा मेसचा खर्च त्यात धरूया.

एका खाटेची सोय झाली, तर एका घराची पुढची पिढी उभी राहते.