ॲव्हसर
ॲव्हसर : (एव्हिएशन सेफ्टी इंजिनिअरिंग अँड रिसर्च). विमान अपघातात सापडलेल्या व्यक्तींच्या बचावासंबंधी अभियांत्रिकी संशोधन करणारी अमेरिकेतील संस्था. अपघात टाळण्यापेक्षा, अपघात घडल्यावर आतील माणसे कशामुळे दगावतात, हा तिच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता.

या संशोधनाचा पाया ह्यू डी हेवन (१८९५–१९८०) यांनी घातला. १९१७ मध्ये टेक्ससमध्ये वैमानिकाचे शिक्षण घेत असताना त्यांचे विमान दुसऱ्या विमानावर आदळून कोसळले. आपल्या पोटातील गंभीर इजांस आसनपट्ट्याचे बक्कल कारणीभूत झाले, असे त्यांचे मत झाले. उंचावरून पडूनही वाचलेल्या काही व्यक्तींचा अभ्यास करून त्यांनी १९४२ मध्ये असा निष्कर्ष काढला की, आघात शरीराच्या लांबीस आडवा व अत्यल्प काळ टिकणारा असल्यास गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट प्रेरणाही माणूस सहन करू शकतो. म्हणजे अनेक मृत्यू अटळ नसून विमानाच्या सदोष रचनेमुळे ओढवतात. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांच्या नेतृत्वाखाली अपघातजन्य इजांचे संशोधन सुरू झाले.

या कार्याचा विमानविषयक विभाग १९५९ मध्ये फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन (स्थापना १९४७) या संस्थेकडे आला व ॲरिझोना राज्यातील फीनिक्स येथे वाढला. पुढे त्यास ॲव्हसर हे नाव मिळाले. १९६४ मध्ये डीसी–७ व लॉकहीड कॉन्स्टेलेशन ही दोन मोठी विमाने, आत मानवाकृती पुतळे व मापन-उपकरणे ठेवून, रुळाच्या मार्गदर्शनाखाली वेगाने नेऊन अडथळ्यांवर मुद्दाम आदळविण्यात आली. आसने, पट्टे, इंधन टाक्या व विमानाचा सांगाडा यांवर होणारे परिणाम त्यांतून नोंदले गेले.

अमेरिकन भूसेनेसाठी संस्थेने १९६७ मध्ये बचावयोग्य विमानरचनेची मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. माणसाभोवतीची जागा चेपू न देणे, त्यास आसनाशी नीट बांधणे, आघाताची ऊर्जा आसन व चाकांच्या आधारांत शोषून घेणे, कठीण वस्तू डोक्यापासून दूर ठेवणे आणि आग रोखणे, ही तिची मुख्य सूत्रे होत. साठोत्तर दशकाच्या अखेरीस ॲव्हसर मार्शल इंडस्ट्रीजच्या डायनॅमिक सायन्स या विभागात समाविष्ट झाली. पुस्तिकेची १९७१ ची सुधारित आवृत्ती तिनेच सिद्ध केली.

१९७० पासून भूसेनेच्या हेलिकॉप्टरांत सहजी न फुटणाऱ्या इंधन टाक्या बसविण्यात येऊ लागल्या. त्यामुळे एरवी वाचण्याजोग्या अपघातांत जळून होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. पुस्तिकेतील तत्त्वांवर आधारलेले लष्करी मानक १९७४ मध्ये निघाले आणि ‘ब्लॅक हॉक’ व ‘अपाची’ या हेलिकॉप्टरांच्या रचनेत त्या तत्त्वांचा उपयोग करण्यात आला.