एकट्याची कारपूल लेन

२००५ साली कॅलिफोर्नियाने हायब्रिड गाड्यांना पिवळे स्टिकर द्यायला सुरुवात केली आणि सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आम्हा मराठी मंडळींची गाडी घेण्याची गणितंच बदलली. गर्दीच्या वेळी कारपूल लेन म्हणजे गाडीत निदान दोघं हवेत, नाहीतर शेकडो डॉलर दंड. स्टिकर असलेली टोयोटाची हायब्रिड प्रियस मात्र त्या लेनमधून एकट्याने नेता यायची. ८५ हजार स्टिकर संपले, तसा स्टिकरवाल्या जुन्या प्रियसलाही भाव चढला. २००८च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला साडेचार डॉलरच्या वर गेलं आणि कुंपणावर बसलेलेही हायब्रिडकडे वळले.

प्रियसने आमची गाडी चालवण्याची रीत सुधारली, हे मी मनापासून मानतो. मधल्या पडद्यावर इंजिन, बॅटरी आणि चाकं यांच्यात बाण पळायचे. लांबवर लाल दिवा दिसला आणि पाय वेळीच उचलला, की बाण उलटे फिरून चाकांकडून बॅटरीकडे जायचे. तेच शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक दाबला, तर बरीचशी ऊर्जा ब्रेकच्या घर्षणात वाया जायची. दुसऱ्या पडद्यावर दर पाच मिनिटांच्या मायलेजचे खांब उभे राहायचे. दिवा हिरवा होताच मुसंडी मारणारी माणसं ते खांब बघून शांतपणे गाडी चालवू लागली. हे काम कुठल्याही दंडाने झालं नसतं.

१ जुलै २०११ला पिवळ्या स्टिकरची मुदत संपली. तोवर विजेवर चालणारी लीफ आली होती. २०१२मध्ये फ्रीमाँटच्या कारखान्यातून टेस्लाची विजेवरची मॉडेल एस बाहेर पडू लागली. याच कारखान्यात पूर्वी जीएम आणि टोयोटा मिळून पेट्रोलच्या गाड्या बनवत. विजेच्या गाड्यांना पांढरे, प्लग-इन हायब्रिडना हिरवे, मग आणखी रंगांचे स्टिकर निघत गेले.

धूर कमी झाला, ही कमाई खरीच. पण गाडीतली माणसंही कमी झाली, याचं मला फार वाईट वाटतं. फ्रीमाँटहून सनीवेलला एका गाडीत जाणारे शेजारी चार गाड्यांतून एकेकटे जाऊ लागले. ऑकलंड-बर्कलेला तर सत्तरच्या दशकापासून सुरेख रिवाज होता. सकाळी ठरलेल्या कोपऱ्यावर रांग लागायची, अनोळखी माणसाच्या गाडीत दोघं बसायचे, तिघं मिळून बे ब्रिजवरून सॅन फ्रान्सिस्को गाठायचे. चालक बोलला तरच बोलायचं, हा तिथला अलिखित नियम. २०२०च्या साथीत ती रांग मोडली. विजेच्या गाड्या वाढत असताना खरं तर तिला जपायला हवं होतं.

३० सप्टेंबर २०२५ला, केंद्राची परवानगी संपल्यामुळे, स्टिकरची सवलतच बंद झाली. टेस्लावाले चिडले. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण वीस वर्षांत स्टिकरवाल्या गाड्या इतक्या झाल्या, की लेनच तुंबू लागली होती. ८८० महामार्गावरच्या एक्स्प्रेस लेनमध्ये टोलच्या वेळेत तिघं असले तर टोल माफ, दोघांना निम्मा. टोलच्या यंत्रावर १, २, ३ असा खटका असतो, तो प्रवासी मोजून सरकवायचा. आमच्या गल्लीतले तिघे आता पुन्हा एकत्र निघतात, गाडी विजेचीच. कंपन्यांनी त्यांच्या मीटिंगच्या वेळा थोड्या जुळवून घेतल्या, तर चौथाही यायला तयार आहे.